वाकू नये

ज्या माणसाला मी सहा वर्षं वाकू दिलं नाही, त्याला पुन्हा वाकायला लावण्यासाठी मला चार एकर सफरचंदाच्या बागेची मालकीण व्हावं लागलं. बाग खोटी होती, बाकी सगळं खरं आहे. हे लिहून काढ असं घरच्यांनीच सुचवलं, कारण तोंडी सांगून सांगून मी त्यांना वात आणला आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लातूरला एका हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, मागच्या बाजूच्या मोठ्या खोलीत माझं काम चालतं. मूळ रेणापूरची. वडील लातूरच्या आडत बाजारात हमाल होते. कॉलेजचं तोंड पाहिलेली घरातली मी पहिली. निकाल लागला तेव्हा आईने आमच्या वस्तीतल्या विहारात पेढे वाटले, आणि मी नक्की काय झाले हे विचारणाऱ्या प्रत्येकाला वडील सांगत सुटले, "लेक डॉक्टर हाय, पण सुई देत न्हाई." माझ्या पेशाची इतकी नेमकी व्याख्या मला पुढे कुठल्याच पुस्तकात सापडली नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक कंबरदुखीचे. हमाल, एसटीचे ड्रायव्हर, कापूस वेचणाऱ्या बाया, क्लासच्या पोरांसाठी खाणावळ चालवणाऱ्या मावश्या. यातल्या ज्यांची कंबर वर्षानुवर्षं दुखते, त्यांच्याबाबत एक गोष्ट समजायला मलाच फार वेळ लागला. पहिली दुखापत बहुतेक वेळा केव्हाच भरून आलेली असते. दुखणं मात्र खरं असतं. मी पेशंटला सांगते, तुमच्या गल्लीत एकदा चोर आला. कुत्रं भुंकलं, बरोबरच केलं. चोर पळून गेला त्याला चार वर्षं झाली, पण कुत्रं आता पान हललं तरी भुंकतंय. कुत्र्याला मारायचं नाही, बांधायचंही नाही. रोज थोडं थोडं दाखवायचं की बाबा, हे पान आहे.

(पायाला मुंग्या येऊन बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप, वजन उतरणे असं काही सोबत असेल तर मात्र आधी मोठ्या डॉक्टरांकडे जायचं. ते कुत्रं खऱ्या चोरावर भुंकत असतं.)

आता हे पान दाखवायचं कसं? माणूस घाबरलेला असतो. "वाका" म्हटलं की अंग लाकडासारखं करतो. त्यावर उपाय म्हणून दोन वर्षांपूर्वी आमच्या सरांनी हैदराबादहून एक डबा आणला. त्याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. डोळ्यांवर बांधायचा, हातात दोन मुठी धरायच्या. मग डोळ्यांपुढची खोली नाहीशी होते आणि बाग दिसते, समुद्र दिसतो. मान वळवाल तिकडे तो आहेच. त्या बागेत फळं तोडायची, समुद्रात मासे धरायचे. माणूस त्यात रमला की त्याची कंबर, इतके दिवस जे करायला नाही म्हणत होती, ते नकळत करून टाकते. आम्ही फळं आधी खांद्याच्या उंचीवर ठेवतो. मग कमरेला, मग गुडघ्याला, मग जमिनीवर. एवढीच त्यातली युक्ती. बाकीचा व्यायाम घरी करावाच लागतो. शिवाय काहींना डब्याने गरगरतं. एका तलाठी साहेबांनी तर दुसऱ्याच मिनिटाला माझ्या नव्या चपलांवर उलटी केली होती.

लातूरकरांनी या यंत्राला लगेच नाव ठेवलं, "झापडं". घाण्याच्या बैलाला बांधतात ती. पेशंट भिंतीवर आदळू नये म्हणून मी फरशीवर खडूने चौकोन आखते. "चौकोनाबाहेर जाऊ नका" सांगून उपयोग होत नसे. "हा तुमचा बांध" म्हटल्यापासून एकही शेतकरी बाहेर गेलेला नाही. गेलेच तर जाणूनबुजून अर्धा फूट जातात.

डब्याने मला माणसं जेवढी दाखवली तेवढी शिक्षणाने दाखवली नाहीत. एक निवृत्त हेडमास्तर समुद्राच्या खेळात उतरताच पँटचे पाय गुडघ्यापर्यंत वर दुमडायचे. खेळातली इंग्रज बाई "वेल डन" म्हणाली की दर वेळी "थँक्यू मॅडम" म्हणायचे आणि संपल्यावर मला सांगायचे, "उच्चार बरे आहेत, पण फार घाईत बोलते."

खाणावळीच्या शकुंतलामावशी सफरचंदं तोडायच्या, पण टोपलीत टाकायच्या नाहीत. एकेक नीट रचायच्या. वेळ संपायचा, गुण शून्य.

"मावशी, भराभरा टाका ना!"

"फेकून भरायची व्हय? डाग पडत्यात, संध्याकाळच्याला नासत्यात. आन् ही खालची मोठी, ती वरची बारकी, असा माल मी आयुष्यात घेतला न्हाई."

मध्येच खिशातला फोन वाजे. झापडं न काढता, एका हाताने सफरचंद धरून त्या ओरडत, "अगं, डाळीत आत्ताच मीठ टाकू नको!" मावशींची कंबर सव्वा महिन्यात बरी झाली. माझ्या मते त्यांना विश्रांती हवी होती आणि ती फक्त झापडं बांधूनच मिळत होती.

मागच्या वर्षी दिवाळी सरून तीन आठवडे झाले, तेव्हा व्यंकटराव आले.

चाकूरजवळच्या गावातले शेतकरी, वय साठीच्या आसपास. सोबत त्यांच्या पत्नी, त्यांना मी पुढे काकू म्हणायला लागले. व्यंकटकाका दारातून आले ते मिरवणुकीतल्या झेंड्यासारखे. पाठ सरळ, मान सरळ, नजर समोर. हातात वेळूची काठी, तिच्या टोकाला लोखंडी आकडी. खुर्चीशी येऊन थांबले. काकूंनी खाली बसून त्यांच्या पायातल्या चपला काढल्या आणि बाजूला ठेवल्या. त्यांच्या हाताला त्याची इतकी सवय होती की बोलणं थांबलंसुद्धा नाही.

"ही काठी कशाला, काका?"

त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं. खिशातला रुमाल खाली टाकला आणि ताठ उभं राहून आकडीने उचलला. "काय बी उचलतो. चाव्या, टॉवेल, परवा कोंबडी बी धरली."

"आणि वाकून?"

"वाकाय सांगू नका, म्याडम. मनाई हाय."

"कोणी केली मनाई?"

"नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी. लई हुशार बाई. त्यांच्यामुळं मी आज चालायलोय." त्यांनी काकूंकडे हात केला. काकूंनी पिशवीतून सातबाऱ्याची ठेवतात तशी प्लास्टिकची फाइल काढली आणि फाइलमधून एक कागद काढला. लॅमिनेशन केलेला. चारही कोपरे गोल कापलेले.

त्यावर लिहिलं होतं: "१. जड वजन उचलू नये. २. कधीही वाकू नये." दुसऱ्या वाक्याखाली दोन रेघा. खाली गोल शिक्का आणि झोकदार, शेपटी काढलेली सही.

सही माझी होती.

शिक्षण झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती नांदेडच्या एका इस्पितळात. रुजू होऊन महिना झाला होता. सोयाबीनचं पोतं उचलताना चमक भरलेला एक माणूस आला, फोटोत काही मोडलेलं नव्हतं. मला आठवतं ते एवढंच, की लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे वडिलांची कंबर होती. तीस वर्षं पोती वाहून संध्याकाळी भिंतीला धरून बसणारी. जगातल्या एकाही माणसाची कंबर आता मी बिघडू देणार नव्हते. म्हणून दोन रेघा. त्या इस्पितळात पेशंटला जपूनच राहायला सांगायचे, तेव्हा थोडी चूक पद्धतीचीही होती. पण "कधीही" हा शब्द माझा होता.

आणि या माणसाने तो पाळला. अक्षरशः पाळला. सहा वर्षं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ज्यांच्या घरात आधी कोणी शिकलेलं नसतं, त्यांच्या पोटात एक भीती कायम असते, की एक चूक सापडली की कोणीतरी येऊन पदवी परत घेऊन जाईल. मी कागद परत दिला आणि म्हणाले, "जुना सल्ला आहे. आता शास्त्र पुढे गेलंय. वाकलं पाहिजे."

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुम्ही लातूरच्या. त्या नांदेडच्या. त्यांचं शिक्षण जास्त असंल."

पुढचे चार आठवडे माझी स्पर्धा त्या नांदेडच्या बाईशी होती आणि दर भेटीत ती जिंकत होती. ती कमी बोलायची, तिचं अक्षर मोत्यासारखं होतं, तिने एका चिठ्ठीत काम केलं आणि मी रोज बोलावते. इतकी मी स्वतःवर कधीच जळले नव्हते.

"मग वाकायचंच नाही, तर इथे आलात कशाला?" मी पहिल्याच आठवड्यात चिडून विचारलं.

 उत्तर काकूंनी दिलं.

"येळवस जवळ आली, बाई."

लातूरच्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे वेळा अमावस्येला किंवा येळवसला, आमच्याकडे सगळं गाव शेतात जातं. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून छोटीशी कोप करतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडतात. ते पांडव. त्यांची पूजा, मग पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील आणि येईल त्याला आग्रहाने जेवण. शेत नसलेल्यांना शेतवाले बोलावतात. आम्हाला शेत नव्हतं, म्हणून लहानपणी आमची पंगत दर वर्षी वेगळ्या शेतात असायची.

व्यंकटकाकांच्या घरची रीत अशी, की घरातल्या कर्त्या पुरुषाने आंबिलीने भरलेला घडा, बिंदगा, डोक्यावर घेऊन शेतापर्यंत चालायचं आणि कोपीत जाऊन तो पांडवांपुढे ठेवायचा. कोपीचं दार माणसाच्या कमरेएवढं. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. सहा वर्षं बिंदगा काकू ठेवत होत्या.

"आन् हे बाहेर हुबे ऱ्हायत्यात," काकू म्हणाल्या, "पावण्यावानी."

"लोकं मलाच विचारत्यात, कुणाचं शेत हाय म्हणून," काका म्हणाले. एवढंच बोलले आणि आकडीने फरशीवरचा नसलेला कागद उचलत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना झापडं बांधली. टोपी काढायला तयार नव्हते, म्हणून टोपीवरूनच. बाग सुरू झाली.

"काय दिसतंय, काका?"

"बाग हाय. लई ग्वाड हाय." मान इकडेतिकडे फिरली. "कुणाची हाय?"

"कोणाची नाही. तोडा फळं."

"अशी कशी कुणाची न्हाई? एवढी झाडं आपोआप आली व्हय?"

"कंपनीची आहे. परदेशातली कंपनी."

"मग ते कुठं हायत?"

"ते परदेशातच आहेत, काका!"

"मग मी न्हाई तोडत." त्यांनी दोन्ही हात मागे बांधले. खेळातली इंग्रज बाई उत्साहाने काहीतरी म्हणत होती. "ह्या बाई काय म्हणायल्यात? ह्या मालकीण हायत का?"

खुर्चीवरून काकू म्हणाल्या, "न्हाई तोडणार ते. दुसऱ्याच्या शेतातलं वाटंवर पडलेलं बोर बी उचलीत न्हाईत."

तीन मिनिटं गेली. पेशंट बागेत हात मागे बांधून उभा. मला सरांच्या पावलांची चाहूल लागली, आणि मी बोलून गेले, "काका, बाग माझी आहे."

"तुमची?"

"हो. मी सांगते ना. तोडा खुशाल."

"किती एकर?"

"चार."

"पाणी कशाचं? हीर का बोर?"

"विहीर."

"लातुरात हिरीला पाणी टिकतंय व्हय?"

"टिकतंय. तोडा!"

आणि हमालाच्या लेकीच्या चार एकर बागेतलं पहिलं सफरचंद व्यंकटकाकांनी तोडलं.

मग मात्र गाडी चालू लागली. खांद्याची उंची झाली, कमरेची झाली. गुडघ्याची आली तेव्हा ते पुन्हा अडले. "खालचं फळ किडकं असतंय." मी मालकीण या नात्याने औषध फवारल्याची खात्री दिली. घरी त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम होता. आधी फळीवरचा तांब्या खुर्चीवर ठेवायचा, मग खुर्चीवरचा पाटावर. त्यांनी येऊन सांगितलं की फळीवरून खुर्चीवर होतं, पाटावर होत नाही, पाट चिठ्ठीत बसत नाही.

चौथ्या आठवड्यात मी बागेतली सगळी फळं जमिनीवर टाकली. काका "वाऱ्यानं लई नुकसान झालं की तुमचं!" असं म्हणाले आणि, माझ्या नुकसानीच्या काळजीने, वाकले. एकदा नाही, फळामागून फळ. गुडघे थोडे वाकवून, पाठ गोल करून, लहान मूल गोट्या वेचतं तसे. काकू खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी पदर तोंडावर धरला.

झापडं काढल्यावर काका घामाने भिजले होते. "बाग ग्वाड हाय. पण शेणखत कमी पडलंय."

मी हातातलं पेन मुद्दाम खाली टाकलं. काकांनी आकडी उचलली.

"काका! आत्ता तुम्ही वाकत होतात!"

"तिकडं."

"तिकडे काय नि इकडे काय, कंबर एकच ना?"

"कंबर एकच हाय," ते शांतपणे म्हणाले. "पण चिठ्ठी इकडली हाय."

वेळा अमावस्येला आठ दिवस उरले होते. डब्याने त्याचं काम केलं होतं. भुंकणारं कुत्रं गप्प झालं होतं. आता दारात माझाच कागद आडवा पडला होता, आणि तो उचलायला आकडी चालणार नव्हती.

"ती नांदेडची बाई," मी म्हणाले, "मीच."

काकांनी मला नीट न्याहाळलं. "न्हाई. त्या बारीक हुत्या."

"मी पण होते!"

"मी म्हणलं न्हवतं का पयल्याच दिशी," काकू म्हणाल्या, "आवाज वळखीचा हाय म्हणून?"

काकांचा विश्वास बसेना. कोऱ्या कागदावर सही करायला लावली. मी केली. त्यांनी लॅमिनेशन शेजारी धरलं. जुळेना. सहा वर्षांत रोज तीस कागदांवर सह्या करून माझी शेपटी झिजून गेली होती. तिसऱ्या प्रयत्नात, जीभ बाहेर काढून, मी ती जुनी सही काढली, तेविसाव्या वर्षी वहीच्या मागच्या पानावर घोटून घोटून बसवलेली. काकांनी दोन्ही कागद बराच वेळ पाहिले. मग लॅमिनेशन मांडीवर उलटं ठेवलं.

मी माफी मागितली. "कधीही" लिहायला नको होतं, म्हणाले. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, तेही म्हणाले.

काकू खाली फरशीवर ठेवलेल्या चपलांकडे पाहत होत्या. "सा वर्सं, बाई," त्या म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ ह्या चपला मी काढल्या न् घातल्या. लेकीच्या लग्नात ह्यांनी व्याह्यांना वाकून नमस्कार केला न्हाई म्हणून ते अजून फुगून हायत." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

 

काकांनी विचारलं, "तवा तुमचं वय काय हुतं?"

"तेवीस."

"आमची धाकटी तेवीसची हाय," ते काकूंना म्हणाले. "दूध उतू चाललं तरी तिला कळत न्हाई. हिनं तर चिठ्ठी लिवली हुती." मग माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं. "लिव आता दुसरी. पण शब्द जपून लिव, बाळ. कधीही वाकावं, असं लिवू नको. न्हाईतर ही मला दिसभर वाकायला लावंल."

काकू हसल्या. हसू नये असं ठरवलेलं असताना येतं ते हसू.

मी लिहिलं: "आता वाकण्यास हरकत नाही. रोज थोडे थोडे वाढवावे." काकांनी कागद परत केला. कोपीचा उल्लेख नव्हता. मी भर घातली: "शेतातल्या कोपीत वाकून जावे." त्यांनी शिक्का मागितला. आमचा शिक्का चौकोनी आहे, त्यावर त्यांची जरा नाराजी होती. गोल शिक्क्याला वजन असतं म्हणे. जुन्या चिठ्ठीवर मी काट मारायला गेले तर लॅमिनेशनवर पेन उमटेना. ते काकूंनी हातातून काढून घेतलं आणि फाइलमध्ये परत ठेवलं. "राहू द्या. भांडायला कामाला यील."

आठवडाभर काकांनी घरी पाटावरून तांब्या उचलला. मग रिकामा बिंदगा, मग अर्धा पाण्याने भरलेला. दुखलं का विचारलं तर म्हणाले, "दुखतंय थोडं. पण कुत्रं आता नुसतं बघतंय."

वेळा अमावस्येला त्यांनी आम्हाला शेतात बोलावलं. मी वडिलांना घेऊन गेले. हवेत गारवा, ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा घाट्यांनी लदलेला. बांधावरून काका येताना दिसले. डोक्यावर काळ्या कांबळ्यात गुंडाळलेला बिंदगा, एक हात वर, दुसऱ्या हातात काठी नाही. मागे काकू, लेकी, जावई, शेजारीपाजारी. माझे वडील जाणत्या नजरेने बघत होते. "मान चांगली धरलीय," त्यांनी शेरा मारला. "आमच्यात चालला असता."

कोपीच्या दाराशी काका थांबले. सगळे थांबले.  इथे सफरचंदं नव्हती, इंग्रज बाई नव्हती, डोक्यावर खरी आंबील होती.

काकांनी बिंदगा डोक्यावरून छातीशी घेतला. एका हाताने सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून माझ्याकडे धरलं. नवी चिठ्ठी. लॅमिनेशन केलेली, कोपरे गोल.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं."

चाळीसेक माणसांपुढे, ज्वारीच्या शेतात उभी राहून, मी माझीच चिठ्ठी वाचली. "आता वाकण्यास हरकत नाही. रोज थोडे थोडे वाढवावे. शेतातल्या कोपीत वाकून जावे." कोणी हसलं नाही. चिठ्ठी वाचून झाल्यावर एक म्हातारा "बरोबर हाय" म्हणाला.

काका वाकले आणि आत गेले.

आपण वाट पाहत असलो की क्षण लांबतो, पण हा खरंच लांबला. आतून आवाज नाही. कडबा हलेना. 

"अवो," काकूंनी वाकून हाक मारली, "काय झालं? धरली का कंबर?"

आतून थोड्या वेळाने आवाज आला. "न्हाई. बसलोय. लई दिसांनी आलो. जरा बसू द्या की."

मग आम्ही सगळेच बाहेर उभे राहिलो. पाहुण्यांसारखे.

जेवणं झाली. शकुंतलामावशी असत्या तर भज्जीत त्यांनी चूक काढली असती, मला काढता आली नाही. वडील कोपीच्या सावलीत भिंत नसतानाही आरामात बसले होते. काका मला शेत दाखवायला घेऊन गेले. हरभऱ्याशी आल्यावर मला राहवलं नाही.

"मालक," मी म्हणाले, "थोडा डहाळा घेऊ का?"

ते थांबले. "चार एकर बाग हाय तुझी," ते म्हणाले. "हिरीला पाणी हाय. आन् हरभरा माझ्याकडं मागायलीस?"

असं म्हणत त्यांनी खाली वाकून मूठभर हरभरा उपटला. मुळांची माती झटकली. एवढा पुरणार नाही वाटलं म्हणून पुन्हा वाकले आणि आणखी उपटला. बोलणं चालूच होतं, औंदा थंडी कमी पडली, घाटे बारीक राहिले. मी डहाळ्यासाठी हात पुढे केले. अशा वेळी बोलू नये, हे एवढ्या वर्षांत मी शिकले आहे.

नवी चिठ्ठी तिकडे कोपीपाशी, काकूंच्या पिशवीत होती.